माईंची काळी चार

आमच्या निमाताईचा आवाज लहानपणापासूनच जड. घोलवडला बाबा ज्या चिकूच्या वाडीवर मुकादम होते तिथल्या ऑफिसात एक काळा फोन होता आणि बाबा झाडांत कुठे लांब असले की तो ताईने उचलायचा, असं ठरलेलं होतं. पलीकडून हमखास "हां भाऊ, बोला" असंच यायचं. ताई म्हणायची, भाऊ नाही, मुकादमांची मुलगी बोलतेय. मग पलीकडचा व्यापारी जरा चपापायचा आणि हसायचा. घरी येऊन ती हे सांगायची तेव्हा आम्ही सगळे पोट धरून हसायचो, तीही हसायची. पण हायस्कूलच्या वरच्या वर्गात गेल्यावर फोन वाजला की ती मला पुढे ढकलायला लागली. आईला मात्र यात हसण्यासारखं कधीच काही दिसलं नाही. आई संजाणची, बोलताना मराठीत मध्येच गुजराती टाकायची. दीकरीची जात आणि आवाज बाप्याचा, उद्या बघायला पाहुणे आले आणि हिने तोंड उघडलं तर मी कुठे तोंड लपवू, असं ती चुलीपाशी बसून स्वतःशीच पुटपुटायची. पुटपुटणंही असं, की ते ओसरीपर्यंत नीट ऐकू यावं.

तर या आवाजावर इलाज म्हणून ताईला गाण्याच्या शिकवणीला घातलं. हसू नका. गाणं शिकलं की मुलीचा आवाज बारीक होतो, ही समजूत तेव्हा आमच्याकडे अगदी पक्की होती. कुणाची तरी घोगरी मुलगी बोर्डीच्या माईंकडे शिकायला गेली आणि पुढे कशी गोड बोलायला लागली, हे आईच्या कानावर आलं होतं. ताईला गाणं यावं अशी तिची इच्छा नव्हतीच. आलंच तर येऊ दे बापडं, एवढंच. बाबांना गाण्याची आवड, त्यांनी लगेच होकार दिला. ताईला कुणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तरी ती हो म्हणाली असती, कारण आपला आवाज बारीक व्हावा असं सगळ्यांत जास्त तिलाच वाटत होतं. आणि एकटी मुलगी बोर्डीपर्यंत कशी जाणार, म्हणून सोबतीला मला जोडून दिलं. मी तिच्याहून बरीच लहान. अशी मी गाण्यात आले, शेपटासारखी. आज डहाणूत चार लोक मला गाण्याच्या बाई म्हणून ओळखतात, त्याचं मूळ हे एवढंच आहे.

माई बोर्डीला सुरूच्या झाडांमागे एका कौलारू घरात एकट्या राहायच्या. बडोद्याला शिकलेल्या, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. त्यांच्या ओसरीत समुद्राचा आवाज सतत यायचा आणि माई म्हणायच्या, तो बेसूर आहे, त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही. त्यांची पद्धत म्हणजे आधी शास्त्र, मग गाणं. नाद म्हणजे काय, श्रुती किती, थाट कशाला म्हणतात, रागात वादी कोण आणि संवादी कोण, हे सगळं आम्ही पाच-सहा मुली मांडी घालून पाढ्यांसारखं म्हणायचो. मग हातावर ताल धरायचा. एखादी चुकली की माई रागवायच्या नाहीत, नुसत्या थांबायच्या, आणि ते थांबणं रागावण्यापेक्षा वाईट असायचं. बाबा आमच्याबरोबर पाठवायचे ते चिकू माई तांदळाच्या डब्यात पिकायला ठेवत, त्यामुळे शास्त्राच्या तासाला पिकत्या चिकूचा गोड, जरासा दारूसारखा वास असे. अजूनही वादी-संवादी म्हटलं की मला तो वास येतो. माणूस म्हणून माई फार चांगल्या होत्या. आम्हाला पावसात भिजून आलेलं पाहिलं की आधी स्वतःच्या पदराने डोकं पुसायच्या, मग गाणं. हे मी आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे मला ते सांगवणार नाही.

शास्त्र संपलं की माई पेटी पुढे ओढायच्या आणि काळी चारवर बोट ठेवायच्या. पेटीवरच्या ज्या सुराला सा मानून आपण गातो ती आपली पट्टी, आणि माईंकडे सगळ्यांची पट्टी एकच. बायकांचा सा काळी चारला, असं त्यांच्या गुरूंनी त्यांना सांगितलं होतं, आणि गुरूंनी सांगितलेल्यावर प्रश्न विचारायचा नसतो. शिवाय पाच-सहा मुली एकत्र गाणार, त्यात प्रत्येकीचा सा वेगळा ठेवला तर शिकवणी चालणार कशी? पेटीही खाऱ्या हवेने खंगलेली. खालचे काही सूर मुके, काही फुसफुसणारे. काळी चार धरली की बाकीचे धड सूर कसेबसे पुरायचे. माझ्यासारख्या चिवचिव करणाऱ्या पोरींना ती सोयीचीच होती. ताईला ती उंच पडायची. हनुवटी वर, गळ्याची शीर फुगलेली, पण ती गायची, आणि आवाज बारीक निघायचा, खरंच निघायचा. एकदा आई आणि बाबा दोघंही ऐकायला आले. आई इतकी खूश झाली की परत जाताना वाटेत देवीला नारळ फोडला.  बाबा मात्र एसटीतून उतरल्यावर म्हणाले, झाला खरा बारीक, पण ही आपली निमा नव्हे. आईने त्यांना तिथेच गप्प केलं.

आपली निमा बाबांना पहाटे ऐकू यायची. दम वाढावा म्हणून माईंनी रोज खर्ज लावायला सांगितला होता. खर्ज लावायचा म्हणजे अगदी खालच्या सुरात सा धरून नुसतं बसायचं. घरी पेटी नव्हती, तेव्हा काळी चारचा प्रश्न नव्हता. ताई ओसरीच्या पायरीवर बसायची आणि गळ्याला जिथे बरं वाटेल तिथे सा लावायची. तो सा कसा होता ते मला लिहिता येत नाही, आणि आयुष्यभर मी दुसरं काही केलेलं नाही, गाणंच शिकवलंय. एवढंच सांगते, की तळासरीकडून वाडीवर चिकू उतरवायला येणाऱ्या बायका काम सुरू व्हायच्या खूप आधी यायच्या, भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन आमच्या कुंपणाला टेकून बसायच्या, आणि ताई उठेपर्यंत त्यांच्यात कुणी बोलायचं नाही. बाबा शेडमध्ये करंड्या मांडत असायचे, ते करंडी हातात धरूनच उभे राहायचे. आई नेमकी त्याच वेळी भांडी जरा जास्त वाजवायची. ताईलाही या आवाजाचं काडीचं कौतुक नव्हतं. तो तिच्या लेखी व्यायाम होता. गाणं म्हणजे संध्याकाळचं, माईंच्या ओसरीतलं.

गाण्याची एकेक परीक्षा देत ताई वरच्या परीक्षेपर्यंत आली आणि त्या वर्षी तिचा गळा बसायला लागला. आधी शिकवणीहून परतताना बसायचा आणि सकाळी सुटायचा. मग सकाळीही सुटेना. आईने ठरवलं की हिला काहीतरी बाधतंय. चिंच बंद, आमसूल बंद, सुके बोंबील बंद, आणि चिकूच्या वाडीत राहून चिकू बंद. ताईच्या दाढेत कायम ज्येष्ठमधाची काडी. सकाळी मिठाच्या गुळण्या, झोपताना हळदीचं दूध. मिरच्या ओवाळून दृष्ट काढली, ठसका घरभर झाला आणि खोकून खोकून ताईचा गळा आणखी बसला. माईंचं म्हणणं वेगळंच होतं. गळा फुटतोय, हे चांगलं लक्षण आहे, फुटल्याशिवाय तो उघडत नाही, माझाही असाच फुटला होता. आता रियाज थांबवलास तर जन्मभर इथेच अडकशील. त्यांनी ताईला एक लहान सूरपेटी दिली, काळी चारवर लावलेली, आणि खर्ज सोडून पहाटेही वरचा सा घोटायला सांगितला. ताईने तसंच केलं. कुंपणाला टेकणाऱ्या बायका हळूहळू यायच्या बंद झाल्या आणि थेट शेडकडे जायला लागल्या.

आता माझ्याकडे येणाऱ्या एखाद्या मुलीचा गळा आठ दिवस बसलेला राहिला तर मी शिकवणी बंद करते आणि आधी डॉक्टरकडे जाऊन या म्हणते. आया चिडतात. परीक्षा तोंडावर आलीय मॅडम, म्हणतात. चिडा म्हणावं. पहिला महिनाभर मी कुणाला सारेगमही शिकवत नाही, नुसतं बोलायला लावते, हसायला लावते, आणि या मुलीचा सा कुठे आहे ते शोधत बसते. त्यावरही तक्रारी येतात, की बाई नुसत्या गप्पा मारतात. माझ्या तोंडाला लगाम नाही हे तालुक्याला माहीत आहे, म्हणून समोर कुणी बोलत नाही इतकंच.

परीक्षा डहाणूला एका शाळेत होती. ताईने गळ्याभोवती बाबांचा मफलर गुंडाळला होता आणि माईंच्या आज्ञेने वाटेत ती एक शब्दही बोलली नाही. माझी छोटी परीक्षा सकाळीच आटोपली, मग मी ताईच्या वर्गाच्या दारात जाऊन बसले. बाकं भिंतीला सरकवून सतरंजी अंथरली होती. समोर परीक्षक, पांढऱ्या केसांचे, शांत गृहस्थ. बाकांवर आजूबाजूच्या गावांतले गाणं शिकवणारे, आपापल्या मुली घेऊन आलेले. आधी तोंडी शास्त्र झालं. ताईने काही म्हणजे काही सोडलं नाही. घोगऱ्या आवाजात का होईना, सगळी उत्तरं दिली आणि परीक्षक मान डोलवत राहिले. मग बागेश्री. पेटीवर माईच होत्या. खाली होती तोवर ताईचं ठीक चाललं होतं, वर सरकायला लागल्यावर सूर मध्येच तुटायला लागला. परीक्षकांनी हात वर केला, तबला थांबला. ते रागावले नव्हते. उलट फार मायेने म्हणाले, "मुली, गळा चांगला आहे तुझा, पण ही पट्टी तुझी नव्हे. बाई, हिला पांढरी तीन द्या. खाली गाऊ दे मोकळेपणी."

बाकांवरच्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. एका गृहस्थाने हसू लपवायला रुमाल तोंडाशी नेला. इतकी वर्षं शिकवून बाईंना मुलीची पट्टी कळली नाही, हे आता सगळ्यांना कळलं होतं, आणि माईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्यांचं बोट काळी चारवरून उचललं गेलं ते तसंच अधांतरी राहिलं. ताईने माईंकडे पाहिलं. ते पाहणं मी दारातून बघितलं आहे, म्हणून खात्रीने सांगते, की तिला त्या क्षणी स्वतःच्या गळ्याची काळजी नव्हती, परीक्षेचीही नव्हती. आपल्यामुळे आपल्या गुरूची मान खाली जातेय, एवढंच तिला दिसत होतं.

"नको माई. हीच राहू दे," ती म्हणाली. मग परीक्षकांकडे वळून तिने हात जोडले. "माझी पट्टी हीच आहे, सर."

माईंनी तेव्हा काय करायला हवं होतं, हे मी आजवर मनात घोळवते आहे. पांढरी तीन तिथून चार बोटांवर. बोट तिकडे न्यायचं, पोरीला दटावायचं, गप खाली गा म्हणायचं, झालं असतं. माईंनी बोट परत काळी चारवर ठेवलं. परीक्षकांनी मान हलवली आणि कागदाकडे बघत बसले. ताईने पुन्हा सुरुवात केली, हळूहळू वर गेली आणि वरच्या ‘सा’पाशी पोचली, तेव्हा जुनं कापड फाटावं तसा आवाज झाला आणि त्यानंतर नुसती हवा. तिचं तोंड उघडं होतं, हात वर होता, आणि आवाज नव्हता. तबलेवाल्याला कळलंच नाही, तो वाजवत राहिला. ताईनेही आवर्तन सोडलं नाही. हातावर ताल मोजत तिने ओळ ओठांनीच पूर्ण केली आणि समेवर मान बरोबर दिली. मग ती उठली, परीक्षकांना आणि माईंना नमस्कार केला आणि बाहेर येऊन मला खुणेने म्हणाली, चल.

वलसाडच्या डॉक्टरांनी गळ्यात आरसा घालून बघितलं. आत गाठी होत्या आणि त्यातली एक फुटली होती. कित्येक महिने बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही, म्हणाले. पुढे ऑपरेशनही झालं. गाठी गेल्या आणि त्यांच्याबरोबर जे काही होतं ते सगळं गेलं. उरला तो एक कोरडा, फुटका श्वास, शेजारी बसलेल्याला ऐकू येईल एवढाच. मध्येच परीक्षेचा निकाल लागला होता. ताई पास होती, शास्त्रात तर सगळ्यांच्या पुढे होती. बाबांनी ते प्रमाणपत्र वाचलं, घडी केली आणि कपाटात कपड्यांखाली सारलं. त्यानंतर ते पहाटे शेडमध्ये जायचे बंद झाले, ऊन चढल्यावर जायला लागले.

ताईचं मौन चालू असताना एके दुपारी माई आमच्या घरी आल्या. कधी कुणाकडे न जाणाऱ्या माई एकट्या एसटीने घोलवडला उतरल्या आणि वाडीची वाट विचारत आल्या. आईने त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. आमच्या घरी असं कधी झालं नव्हतं, नको असलेल्या पाहुण्यालाही तांब्या पुढे यायचा. आई दारात उभी राहूनच म्हणाली, "बारीक करायला दिला होता आवाज. बंद करायला नव्हता दिला."  मला आईचाही राग आला. ज्या नरड्याला तिने जन्मभर नावं ठेवली त्याच्यासाठी आता ती रडत होती. पण ती खरंच रडत होती, रोज, धुणं धुताना, चूल पेटवताना, आणि तिच्या रडण्यावर मला काही बोलता येईना. माई आत जाऊन ताईच्या खाटेशी जमिनीवर बसल्या. बराच वेळ ताईचा पाय नुसता दाबत राहिल्या. मग म्हणाल्या, "निमे, मी बोट हलवायला हवं होतं गं."

ताईने डॉक्टरांचं मौन मोडलं. माईंच्या कानाशी वाकून ती म्हणाली, "कमळला सोडू नका."

कमळ म्हणजे मी. मला कुणी विचारलं नव्हतं. मी त्या बाईचं तोंड पुन्हा बघणार नव्हते, तसं मी घरात ओरडून सांगितलंही. पण पुढच्या आठवड्यात ताईने माझी वेणी घातली, स्वतः मला एसटीपर्यंत पोचवलं आणि गाडी सुटेपर्यंत उभी राहिली. तिच्याशी भांडणार कसं? ती उलट बोलू शकत नव्हती. त्या दिवशी माईंनी पेटी पुढे घेतली, पण बोट ठेवलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी एखाद्या मुलीला विचारलं, की तुझा सा कुठे आहे, बघू. मी त्यांना लागावं म्हणूनच म्हणाले, काळी चार. आणि ते खरंच होतं, माझा सा तिथेच होता, अजूनही तिथेच आहे. माई चष्मा काढून पुसत बसल्या. त्या जाईपर्यंत मी त्यांच्याकडे शिकले. जे येतं ते सगळं त्यांचंच आहे. दर गुरुपौर्णिमेला मी त्यांच्या पाया पडले आणि एकदाही त्यांना क्षमा केली नाही.

ताईचं लग्न मात्र झटकन ठरलं. बघायला आलेल्या बायकांना मुलगी हळू बोलते, मान वर करून बोलत नाही, याचंच मोठं कौतुक वाटलं. किती सुशील, म्हणाल्या. आई आत जाऊन देवापुढे बसली ती पाहुणे जाईपर्यंत बाहेर आली नाही. तळासरीच्या पलीकडे डोंगरातलं गाव, भात-नाचणीची शेती, भावोजी प्राथमिक शाळेत मास्तर. भला माणूस. त्यांना सगळं सांगून लग्न केलं आणि त्यांनी उभ्या जन्मात त्यावरून एक शब्द काढला नाही. पण त्यांनी ताईचा आवाज ऐकलाच नाही, ना तिच्या मुलांनी ऐकला. संध्याकाळी मुलं शेतात लांब गेली की ताई अंगणात येऊन थाळीवर पळी वाजवायची. त्या आवाजाला मुलं धावत यायची. गावात दुसऱ्या आया हाका मारायच्या, आमची ताई थाळी वाजवायची, आणि मुलांना त्यात काही वेगळं वाटत नसे.

यंदा नाचणी काढून झाल्यावर मी चार दिवस तिच्याकडे राहिले. दोघीही म्हाताऱ्या झालोय, माझे गुडघे आणि तिची कंबर. तिची थोरली मुलगी वसंती माहेरी आली होती, तिचेही केस पांढरे व्हायला लागलेत. मी सकाळी मोबाइलवर तानपुरा लावून बसले होते. वसंती चहा घेऊन आली आणि टेकली. म्हणाली, मावशी, इतकी वर्षं विचारीन विचारीन म्हणतेय. आईचा आवाज कसा होता? ताई समोरच बसून सुपात नाचणी पाखडत होती. तिने ऐकलं, पण वर बघितलं नाही.

मी तानपुऱ्याची पट्टी उतरवली, पांढरी तीन केली. तिथे जरा गायले. मग आणखी उतरवली आणि खर्जाचा सा लावून बघितला. माझा गळा तिथे गेला खरा, पण नुसता घरघरला. वसंती आईकडे वळून म्हणाली, "असा होता का गं?"

ताईचे हात थांबले. "याहून खाली," ती तिच्या त्या फाटक्या श्वासात म्हणाली. मी पुन्हा लावून बघितला आणि मला जमलं नाही, त्याहून खाली माझा गळा जातच नाही. ताईने सूप बाजूला ठेवलं. मग माझ्याकडे नाही, वसंतीकडेही नाही, अंगणाकडे बघत म्हणाली, "चांगला होता गं तो."